टेरीचा डावा गुडघा

१२ मार्च १९९१, मंगळवार

आज टेरीने माझं स्वयंपाकघरातलं फडताळ लावलं — अक्षरांच्या क्रमाने! साखर आता साबणाशेजारी बसते. संध्याकाळच्या चहाला फेस आला नाही हेच नशीब.

त्याचा कारखाना बंद पडून आठ महिने होत आले. जिलाँगमधल्या कारखान्यांचं एकही फाटक त्याने सोडलेलं नाही. सगळीकडे तेच — "नंबर ठेवून जा, कळवू." कळवत कोणीच नाही. फोन चालू आहे ना, हे बघायला तो अधूनमधून उचलून कानाला लावतो. नवऱ्याला मी काही बोलत नाही. बोलले तर फडताळानंतर माझं कपाट लावायला घेईल.

१५ मार्च, शुक्रवार

फोन वाजला! पण कारखान्यातून नाही — फुटबॉल क्लबातून.

डूनारा म्हणून गाव आहे, तीन तास पश्चिमेला. तिथल्या क्लबचा अध्यक्ष व्हिन्स दुधाच्या कारखान्याचा मॅनेजरही आहे. त्यांना उंच माणूस हवाय — मैदानाच्या मधोमध चेंडू वर उडाला की उडी मारून तो आपल्या पोरांकडे ढकलणारा. "आमच्याकडून खेळ, कारखान्यात कामाला लावतो." खेड्यांची जुनी रीत. या ऑस्ट्रेलियात सगळ्या धंद्यांना मंदी येते, फुटबॉलला कधी येत नाही!

टेरी सहा फूट पाच इंच आहे हे खरं. पण छत्तिशीला आलाय, आणि त्याचा डावा गुडघा कधीच कामातून गेलाय, हेही खरं.

"गुडघ्याचं सांगितलंस का?"

"त्यांनी उंची विचारली, नोरी. गुडघा कुठे विचारला?"

२४ मार्च, रविवार

जिलाँगच्या घराला कुलूप लावून डूनाऱ्याला आलो. लिंडसे आणि मर्लच्या घरामागच्या खोलीत राहतोय.

लिंडसे म्हणजे टेरीच्या आधीचा उंच माणूस. कित्येक वर्षं संघात तोच उडी मारायचा, आणि व्हिन्सच्या कारखान्यात अजूनही चीज करतो. आता पाठ धरते म्हणून त्याला क्लबच्या दुसऱ्या संघात टाकलंय. दुसरा कोणी असता तर फुगून बसला असता. यानेच आम्हाला खोली दिली! भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "आधी पगार तर होऊ दे." मर्ल मटणाचं भांडं घेऊन आली. दोघांना शेजारी उभं पाहून म्हणाली, "दोन ताड एका छपराखाली! चौकटी सांभाळा रे बाबांनो!" तेवढ्यात टेरीचं कपाळ दणकन चौकटीवर.

२ एप्रिल, मंगळवार

व्हिन्सची अट कळली. तीन सामने बघणार, मग नोकरी पक्की. तोवर टेरी मैदानाचं गवत कापतो.

लिंडसे रोज अंगणात शिकवणी घेतो. "या वयात उंच उडायचं नाही, दोस्ता. लवकर उडायचं!" दोन्ही घोडे उड्या मारतात, चेंडू खुराड्यात जातो. मर्ल म्हणते, कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलंय.

सरावाआधी डाव्या गुडघ्याला चिकटपट्टी बांधायचं काम माझं, सोडायचंही माझंच. सोडताना केसही निघतात. असला ओरडतो की गाव जागं होतं.

६ एप्रिल, शनिवार

जिंकलो!! मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांनी इतके हॉर्न वाजवले की अजून कानात घुमताहेत. लिंडसेच्या दुसऱ्या संघाचा सामना आधीच आटपलेला, तरी तो थांबला आणि टेरीला पाणी नेऊन देत होता.

१३ एप्रिल, शनिवार

पुन्हा जिंकलो. व्हिन्सने टेरीच्या पाठीवर थाप मारली — "आता एकच राहिला!" खाटकासमोरचं रिकामं घर मी बाहेरून बघून आले. खिडक्यांना पिवळे पडदे शोभतील. बाजारात तुरी, पण बघायला काय जातं!

१६ एप्रिल, मंगळवार

टेरी सरावाहून आला तो थेट खुर्चीत बसला. पट्टी सोडली तरी ओरडला नाही. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

नोकरी चीज विभागातली आहे. लिंडसेची.

व्हिन्स म्हणाला म्हणे, "नवी जागा कुठून काढू बाबा, असल्या मंदीत? एक आत, एक बाहेर. पहिल्या संघात जो उडी मारतो, नोकरी त्याची. लिंडसेलाही अशीच मिळाली होती." लिंडसेला अजून काही माहीत नाही. तिसऱ्या सामन्यानंतर सांगणार.

मी स्पष्ट बोलले. आपण सांगितलं का त्याला काढा म्हणून? आपल्याला पोट नाही? आठ महिने कोणी विचारलं आपल्याला? गप्प राहा आणि खेळ! बोलले ते बोलले, इथेही लिहून ठेवते.

तेवढ्यात मर्ल सूप घेऊन आली. "पैलवानाला दे गं." तिच्याच हातचं. तरी प्यायले.

टेरी उठला आणि इथलं फडताळ लावायला लागला.

१९ एप्रिल, शुक्रवार

लिंडसे अंगणात त्याला आणखी एक युक्ती शिकवतोय. बघवत नाही.

२० एप्रिल, शनिवार

संपलं सगळं.

टेरी उडालाच नाही. चेंडू वर जातोय आणि हा आपला खांबासारखा उभा! समोरचा पोरगा येऊन आरामात चेंडू मारून न्यायचा. एकही हॉर्न वाजला नाही. मी गाडीत बसून त्याला असतील नसतील तेवढ्या शिव्या घातल्या. अर्धा सामना झाला आणि टेरी लंगडायला लागला. व्हिन्सने त्याला बाहेर काढलं, राखीव म्हणून बसलेल्या लिंडसेला आत घातलं. तो पाठ धरत, कण्हत, पण लवकर उडत होता. थोडक्यात जिंकलो. सगळ्या गाड्या कोकलल्या.

व्हिन्स मला म्हणाला, "वाईट वाटतं गं, पण त्याची नोकरी आता नाही जमणार. उंची विचारली, गुडघाही विचारायला हवा होता." मग लिंडसेकडे वळून ओरडला, "म्हाताऱ्या, यंदा पहिल्या संघात तूच रे!"

लिंडसेनेच टेरीला खांद्याचा आधार देत घरी आणलं. रडवेला झाला होता. "माझ्यामुळे गेला गं याचा गुडघा. मीच फार उड्या मारायला लावल्या." टेरी म्हणाला, "गप रे." आणि तसाच झोपला. पट्टीला हात लावू दिला नाही.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी पट्टी सोडायला घेतली. गुडघ्याला सूज नाही, काही नाही. दाबून बघितलं, तरी शांत. आणि मग आठवलं. काल लिंडसेच्या खांद्यावर हात टाकून आला, तेव्हा लंगडत होता उजव्या पायाने!

वेडा. नाटकच करायचं तर पाय तरी नीट निवडायचा!

उरलेली पट्टी एका झटक्यात ओढली. गाव जागं झालं.

पेट्या भरतेय. जिलाँगला गेल्यावर फडताळ त्याला हवं तसं लावू देईन.