काडेपेटीखाली पाच भोकं

उस्ताद, परवा शनिवारी शंभर मीटरवर लावलेल्या कागदावर माझी पाचही भोकं एका काडेपेटीखाली झाकली गेली. हे कुणाला सांगावं म्हणून विचार केला, तर तुमच्याशिवाय कुणी सुचेना. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. मी मेलबर्नजवळ वेरिबीला राहते, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणाऱ्या मुलामुलींवर देखरेख करते आणि सुट्टीच्या दिवशी रायफल चालवते. कॉलेजातल्या तुमच्या एनसीसीच्या मुलींत जिला तुम्ही सगळ्यांत हट्टी म्हणायचात, ती मी. हट्ट कमी झालेला नाही.

फायरिंगची ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही पोटावर पडलेल्या, खाकी शर्टांच्या कोपरांना लाल माती, प्रत्येकीला मोजून पाच गोळ्या. माझी पहिलीच गोळी बरोबर मध्यावर बसली आणि मी मान वर करून मैत्रिणीकडे बघितलं. उरलेल्या चार कुठे गेल्या ते त्या कागदालाच माहीत. तुम्ही कागदापाशी जाता, खिशातून काडेपेटी काढता, भोकांवर ठेवता, खाली एकच झाकलं जातं आणि ती पेटी पुन्हा खिशात जाते. "एक मधोमध लागली म्हणून नाचू नको पोरी. एखादी नशिबानं पण लागते. पाची एका जागी बसव. कोपऱ्यात बसव, पण एका जागी बसव. तिथनं मधे आणायचं काम माझं." आणि सगळ्यांसमोर मला स्पर्धेच्या टीममधून काढलंत. "जिची गोळी कुठं जाणार ते तिलाच ठाऊक नाही, तिला मी नेत नाही." मी रडले नाही. बाकीच्यांना त्याचं नवल वाटलं होतं.

इथे रायफल क्लबात माझ्या शेजारच्या टेबलावर सत्तरीचा एक शेतकरी बसतो. पूर्वेकडच्या डोंगरात त्याची सफरचंदाची बाग आहे आणि जंगलातून सांबरं उतरून कोवळ्या झाडांच्या साली सोलून खातात. आपली सांबरंच ती, कोणे एके काळी कुणी तरी इथे आणून सोडलेली. ती टिपायला तो मला दोन वर्षं बोलावतो आहे. "कम अप, डॉक. बिफोर आय सेल द प्लेस." मी डॉक्टर नाही हे त्याला दहादा सांगून झालं. येत्या वसंतात बाग विकली जाणार, म्हणजे जायचं तर याच हिवाळ्यात. पण मी आजवर फक्त कागदावर गोळी चालवली आहे. कागद जखमी होऊन रानात तडफडत नाही. म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं, पाच गोळ्या काडेपेटीखाली आल्या तर येईन, नाही तर नाही. त्याने पेटी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हूज रूल इज दॅट?" मी म्हटलं, माझ्या उस्तादांचा. "साउंड्स लाइक अ हार्ड मॅन." होतेच, म्हटलं.

तीन शनिवार गेले. श्वास अर्धा सोडून थांबवला, बोट हळू दाबलं, कोपरं रोवली, तुम्ही शिकवलेलं एकही सोडलं नाही. तरी भोकं अशी पसरलेली, की पेटीच काय, माझा तळहातही पुरेना. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले, घट्ट होते. नळी साफ केली. चौथ्या शनिवारी म्हातारा माझ्या टेबलाशी आला आणि माझ्या श्रीखंडाच्या डब्यात डोकावला.

हे तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण सांगते. गोळ्यांची खोकी उघडली की दोन-चार उरायच्या. या खोक्यातल्या चार, त्या खोक्यातल्या सहा. टाकायच्या कशा? आपल्याला एकेक गोळी सही करून मिळायची. सगळ्या एकाच मापाच्या, माझ्याच रायफलच्या, म्हणून मी त्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून कुलपाच्या कपाटात ठेवत होते आणि नवं खोकं फोडायच्या आधी त्या संपवत होते. उरलेल्या डाळी एकत्र करून आमटी करावी तसं. म्हाताऱ्याने दोन गोळ्या उचलून शेजारी शेजारी धरल्या. एकीचं टोक बोथट, शिशाचं. दुसरीचं टोकदार. तिसरी त्यांच्याहून लांब. "मेट," तो म्हणाला, "दॅट्स नॉट अ‍ॅमो. दॅट्स फ्रूट सॅलड."

मला कळायचं ते एका क्षणात कळलं. जड गोळी, हलकी गोळी, कमी-जास्त दारू, प्रत्येकीची वाट वेगळी. नळीच्या आतल्या आट्यांना कुठली मानवेल ते त्या नळीलाच विचारावं लागतं. मी पाच वेगवेगळ्या गोळ्या मारून त्या एका जागी का बसत नाहीत म्हणून स्वतःच्या बोटाला शिव्या देत होते. घरी मुलीला सांगितलं तर ती सोफ्यावरून घसरलीच. "आई! यू येल अ‍ॅट पीपल फॉर दॅट. एव्हरी सिंगल डे." खरं आहे. नमुने मिसळले म्हणून गेल्याच आठवड्यात मी एका पोराला फैलावर घेतलं होतं. सोमवारी त्याला चहा पाजला. कारण सांगितलं नाही.

मग मी ते काम लॅबसारखं केलं. तीन प्रकारची नवी खोकी, प्रत्येकातल्या पाच गोळ्या, प्रत्येक प्रकाराला वेगळा कागद. दर पाचांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. थांबणं मला जमत नाही, म्हणून थर्मासमधला चहा आणि म्हाताऱ्याची बडबड. पहिलीची भोकं पसरली. दुसरीची तर एका रुपयाखाली मावतील अशी! मी उठून उभी राहिले. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. ती गोळी कागदासाठी, तो म्हणाला. अंगात शिरल्यावर ती नीट फुलून रुंद होईलच असं नाही, जनावर लांब पळतं आणि उशिरा मरतं. मला तुमचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, नाचू नको पोरी. तिसरी जड होती, मऊ टोकाची, शिकारीसाठीच केलेली. रुपयाखाली नाही मावली. पण पेटी ठेवली आणि पाचही भोकं दिसेनाशी झाली, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पण एका जागी. कोपऱ्यातून मधे आणायला तुम्ही नव्हतात. दुर्बिणीची चकती मीच फिरवली, पुन्हा पाच मारल्या, पुन्हा पेटी ठेवली. झाकली! मी एवढ्या मोठ्याने हसले की पलीकडच्या टेबलावरच्यांनी कानांवरचे आवाज रोखणारे गोळे काढून बघितलं.

येत्या शनिवारी निघते आहे. म्हाताऱ्याच्या बायकोने फोन करून सांगितलंय, रायफल विसरलीस तरी चालेल, मसाला विसरू नकोस.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. सवयीने मी खाली पडलेली पाच रिकामी काडतुसं वेचली, मोजली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. तो बघतच राहिला. इथे ती कुणी मोजत नाही. "कीप वन, डॉक. यू अर्न्ड इट."

फायरिंगच्या त्या सकाळी मोजणीत एक रिकामं काडतूस कमी भरलं होतं, आठवतं? तुम्ही आम्हा सगळ्यांना दुपारपर्यंत उन्हात गवत विंचरायला लावलंत. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिलात, मला वरपासून खालपर्यंत बघितलंत, स्वतःच्या खिशात हात घातलात आणि कुठलं तरी जुनं काडतूस बाहेर काढून म्हणालात, "मिळालं. चला."

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून रायफलच्या पिशवीत काडेपेटीसोबत राहील. ते काडतूस माझ्या वेणीत होतं, उस्ताद. त्या मधोमध बसलेल्या पहिल्या गोळीचं, रिबिनीच्या गाठीत. वेणी केव्हाच कापली. ते अजून आहे.