अठ्ठावन्न मुलींचे फॉर्म

आकुर्डी,
३ जुलै २०२६

चि. बुद्धरत्न यास,
ताईचा सप्रेम जय भीम. सौ. मंजुषाला आणि चि. दीक्षाला अनेक आशीर्वाद. इकडे प्रकृती ठीक, डोकं ठिकाणावर नाही.

वि. वि. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर दोघंही ओरडतो. म्हणून लिहिते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

काल दीक्षाच्या शाळेत गेले होते. नववीच्या अठ्ठावन्न मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस आमच्या दवाखान्यात द्यायची आहे. पालकांच्या संमतीचे फॉर्म गोळा करायचे होते. सह्या निघाल्या अकरा. सत्तेचाळीस फॉर्म कोरे. दारात उभ्या असलेल्या एका आईला कारण विचारलं, तर तिने पर्समधून फोन काढून मला एक व्हॉइस मेसेज ऐकवला. आवाज माझ्या सख्ख्या भावाचा!

त्यात तू म्हणतोस, मी चाकणला पंधरा वर्षं क्वालिटीत आहे, एक बोल्टसुद्धा तपासल्याशिवाय पुढे सोडत नाही, मग ही लस कुणी तपासली, हिने मुलींना पुढे मूल होत नाही, कुणी सही करू नका. हे तू सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंस आणि ते सगळ्या चऱ्होलीत फिरलं. बायका मला म्हणाल्या, त्यांची बहीणच दवाखान्यात नर्स आहे, त्यांना आतली खबर असणार. एकवीस वर्षं मी या भागात घरोघर फिरले. त्या विश्वासाचा शिक्का तू थापेवर मारलास.

बोल्टला तू गेज लावतोस ना? या बातमीला कुठलं गेज लावलंस? लाखो मुलींनी ही लस घेतली आहे आणि पुढे त्यांना मुलं झाली आहेत. बहिणीला एक फोन केला असतास तर कळलं असतं.

लोभ आहेच. तो वाढवायचा की आटवायचा, ते आता तुझ्या हातात.
तुझी,
साधनाताई


चऱ्होली,
७ जुलै

ती. साधनाताईस,
बुद्धरत्नचा जय भीम. पाकीट पाहून दीक्षाने विचारलं, आत्याचा मोबाइल बिघडला का? मी म्हणालो, मोबाइल चांगला आहे, आत्या बिघडली आहे.

रागवायचा हक्क तुझा एकटीचा नाही. तुमचा फॉर्म मी दीक्षाच्या दप्तरात पाहिला. दोन पानं, सगळं इंग्रजीत, उद्या सही आणा. पालकांची सभा नाही, काही नाही. आमच्या कंपनीत नवीन हातमोजे आले तरी शिफ्टच्या आधी दहा मिनिटं उभं करून समजावतात. इथं माझ्या पोरीच्या दंडात सुई टोचायची आणि मला कुणी समजावणार नाही? वर्गात एक मॅडम आल्या, मुलांना मैदानावर पिटाळलं, मुलींना चार चित्रं दाखवली. हा आजार होतो कशाने, असं दीक्षाने विचारलं तर बाईंनी तिला खाली बसवलं. शाळेने उत्तर दिलं नाही, मग मी मोबाइलला विचारलं. त्याने लगेच दिलं. चूक माझी एकट्याची कशी?

आपल्या पोरी म्हणजे काय सॅम्पल पीस आहेत? आणि खरं सांगायचं तर हा रोग आपल्यासारख्या घरातला नाही. चारित्र्य सांभाळणाऱ्या बाईला तो होत नाही असं इथले जाणते लोक म्हणतात. मला ते पटतं.

रागाने लिहिलं, पण तुझाच.
बुद्धरत्न


आकुर्डी,
१० जुलै

चि. बुद्धरत्न यास,
जय भीम.

फॉर्मबद्दल तुझं सगळं खरं आहे. मी आजच आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंशी त्यावरून भांडले. सभा घ्यायलाच हवी होती. मराठी फॉर्मही छापून हवे होते. त्या इंग्रजी फॉर्मांची लाज माझी.

पण तुझ्या शेवटच्या चार ओळी वाचल्या. आता ऐक.

आई पोटातल्या गाठीने गेली नाही. तिला हाच कॅन्सर होता. तू तेरा वर्षांचा होतास, मी वीस. दोन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये झाडलोट करताना ती आत दोन-दोन कपडे घ्यायची आणि कुणाला सांगायची नाही. पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. पुढचे सात महिने तिचे कपडे मी धुतले. त्या वासामुळे ती तुला जवळ झोपू द्यायची नाही. आई आपल्यावर रागावली म्हणून तू रुसून बसायचास. ती भिंतीकडे तोंड करून रडायची.

दादांनी बाप म्हणून मला शपथ घातली होती. लोक तिच्याबद्दल वाईट बोलतील, तुझं लग्न मोडेल, गाठ म्हणूनच सांग. मी सांगितलं, आणि सत्तावीस वर्षं गप्प राहिले. पुढे नर्सिंग शिकताना वाचलं की हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि तो नवऱ्याकडूनही बायकोला येतो. तो एवढा सर्रास असतो की त्यावरून कुणाचं चारित्र्य मोजता येत नाही. ते पान मिटून मी घरी आले. दादा समोर जेवत होते. त्यांना विचारायची हिंमत झाली नाही. याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

आणि तू म्हणतोस, चारित्र्य सांभाळणाऱ्या बाईला होत नाही. तानुबाईचा मुलगा म्हणतो हे!

आज लोभाचं काही लिहवत नाही.
साधना


चऱ्होली,
१७ जुलै

ती. ताईस,
जय भीम. तुझं पत्र खिशात घालून तीन दिवस कामावर गेलो. लाइनवर काय पास केलं, काय रिजेक्ट केलं, आठवत नाही. मंजुषाला वाचून दाखवलं. तिने फॉर्म आणि पेन आणून समोर ठेवलं.

दीक्षाला काल तुमच्या दवाखान्यात लस दिली. तू ड्युटीवर नव्हतीस ते बरं झालं, तोंड दाखवायची लाज वाटली असती. हात थोडा दुखतोय, बाकी उड्या मारतेय. आईचं मात्र आपल्या दोघांतच राहू दे. गेलेल्या माणसाला आता कशाला चव्हाट्यावर आणायचं?

चुकलो. पदरात घे.
बुद्धरत्न


आकुर्डी,
२० जुलै

चि. बुद्धरत्न,
जय भीम. दीक्षाला लस मिळाली, माझी भाची म्हणून मी सुखावले. नर्स म्हणून तुझ्यावर दुप्पट संतापले आहे.

तू स्वतःच्या मुलीला गुपचूप आणून टोचून नेलंस. तुझा मेसेज अजून फिरतोच आहे. त्याच्यावर भरवसा ठेवून ज्यांनी सही केली नाही, त्या सेहेचाळीस मुलींचं काय? खराब माल तू मार्केटमध्ये सोडलास आणि घरचा एक पीस बदलून घेतलास. कंपनीत याला काय म्हणतात, ते तूच मला कळव.

तिला चव्हाट्यावर कोण आणतंय? आईला दोन वर्षं कुणाला सांगता आलं नाही, यानेच ती मेली. तेच गप्प राहणं तू आता तिच्या नावाने पुढे चालवतो आहेस.

माझ्याकडून शाळेत सभा पक्की झाली आहे. शनिवारी, दुपारी चार. मराठी फॉर्म छापून ठेवले आहेत. मला त्या दिवशी दुसऱ्या वस्तीवर पाठवलं आहे. तुझं बोलणं तूच निस्तर.

उत्तराची वाट पाहत,
ताई


चऱ्होली,
२७ जुलै

ती. साधनाताईस,
बुद्धरत्नचा मनापासून जय भीम.

सभा झाली. शंभरावर माणसं होती, बाप जास्त. डॉक्टरीणबाई नीट बोलल्या, पण लोक माना खाली घालून मोबाइल बघत होते. मग मी उठलो. म्हणालो, तो मेसेज माझा आहे, खोटा आहे, न तपासता पाठवला. एवढं बोलून बसणार होतो.

तेवढ्यात गावातले दत्तोबा उठले. म्हणाले, लस चांगली आसंल, पर आमच्या पोरींना तिची गरज न्हाई, ह्यो आजार वंगाळ चालीच्या बायांचा हाय. चार-पाच जण हसले. ताई, माझा हात त्यांच्या कॉलरपर्यंत गेला होता. म्हातारा माणूस, मागे घेतला.

मग मी आईचं पूर्ण नाव घेतलं. तानुबाई धोंडीबा सोनकांबळे. म्हणालो, वर्कशॉप झाडून तिने दोन पोरं शिकवली, आणि ती याच आजाराने गेली. तुमच्यात कुणाची हिंमत असेल तर तिला वंगाळ म्हणून दाखवा. आणि हा आजार नवऱ्याकडूनही घरात येतो. मी हे माझ्या बापाबद्दल बोलतोय. त्याच्या नावाला डाग नको म्हणून आम्ही आईला खोट्या आजाराने मारलं. आता तुम्ही ठरवा, तुम्हाला स्वतःची इज्जत वाचवायची आहे की मुलगी.

मला बसायचं सुचेना. दीक्षा मागच्या बाकावर होती, तिने येऊन मला हाताला धरून बसवलं. वर्गातल्या तीन मुली तिच्याबरोबर पुढे आल्या. हा आजार होतो कशाने, हा तिचाच प्रश्न त्यांनी सगळ्यांसमोर विचारला, आणि या वेळी त्यांना कुणी खाली बसवलं नाही.

तीस सह्या झाल्या. ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला आहे. त्यावर दोघांनी मला शिव्या दिल्या, एकाने आपल्या बायकोची तपासणी कुठे करायची ते विचारलं. त्याला तुझा नंबर दिला आहे, फोन आला तर प्रेमाने बोल.

दादांवरचा राग जात नाही. तू म्हणशील, गेलेल्या माणसावर किती रागवायचं. पण ती दोन वर्षं मला सोडत नाहीत. घरात आपण तिघं होतो आणि एकालाही तिला विचारता आलं नाही.

अजून सोळा घरं राहिली. त्यात दत्तोबांची नात आहे. रविवारी माझी सुट्टी आहे, सकाळी दहाला निघू. तू ये. बोलायचं तू, मला सगळी उत्तरं येत नाहीत. मी दारात उभा राहीन, म्हणजे कुणाला मध्येच उठून बाहेर जाता येणार नाही.

माझ्यावर रागव, पण ये.
तुझा धाकटा,
बुद्धरत्न