गुड्डीचा अर्धा स्वेटर

मुलचेरा

आईस, पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. गुड्डी तुझ्याकडे नीट जेवते ना?

दिव्यानी देवाघरी गेली तेव्हा तिनं लेकीसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची बाही अर्धीच राहिली होती. ती मी पूर्ण करतोय. शेजारच्या मंडलकाकू क्रोशा शिकवतात. माझा उठावाचा टाका वर उठून न दिसता सपाटच पडायचा. काकू म्हणाल्या, "मास्तर, वरतून काऊन टोचता? खालच्या ओळीच्या खांबाले, त्या उभ्या टाक्याले, मागून धरा."

खालची ओळ दिव्यानीची आहे. धागा तुटला तर तिचंही उसवेल, म्हणून सुई हळूच घालतो.

"उसवून टाक बाबू, नवा घेऊ," असं पुन्हा म्हणू नकोस.

गुड्डीच्या हाताएवढा दोरा कापून पाकिटात पाठव. दिव्यानीनं घेतलेलं माप आता गुड्डीला पुरणार नाही.

तुझा,
निकेश