पालथ्या बिबड्यांची पुण्याला निवड

आदरणीय रतिलाल नाना,

पिंप्राळ्याहून धाकट्या भावाचा, ललितचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? (कोकिळावहिनी म्हणतात डावा दुखतो, आपण फोनवर उजवा म्हणालात. काय ते एकदा ठरवून डॉक्टरांना सांगावे.) वहिनी इथे मजेत आहेत. वाळवणाला आठ दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला आता वीस दिवस झाले.

पत्रास कारण, आपल्या घराण्याचं नाव निघालं आहे. मी, हसीब पेंटर आणि चित्रकलेच्या शिक्षिका दिपमाला मॅडम, असा आमचा ‘गिरणाकाठ समकालीन कला समूह’. आपण तिथे धुळ्याला, देवपुरात, चारचौघांत म्हणाला होतात, ‘तीन माणसांचा कसला समूह, रिक्षात मावतो.’ (मावतो, पण कॅनव्हास हसीबच्या मांडीवर घ्यावा लागतो.) तर नाना, त्याच समूहाला पुण्याच्या एका मोठ्या कलाकेंद्राने बोलावलं आहे! आता बोला.

झालं असं, की केंद्राच्या यास्मिन मॅडम आमचं काम बघायला स्वतः येणार होत्या आणि लग्नसराईत एकही हॉल रिकामा नव्हता. तेव्हा प्रदर्शन माझ्याच गच्चीवर ठरलं. वहिनींकडून ज्वारीचे पापड, म्हणजे आपले बिबडे, एकशे ऐंशी घालून घेतले आणि त्यांवर गेरू आणि काजळाने कॉलनीतल्या एकशे ऐंशी माणसांचे चेहरे रंगवले. अकरा दिवस आम्ही जेवण विसरलो (मी एकदाच विसरलो, पण विसरलो). सकाळी सगळे चेहरे आभाळाकडे तोंड करून मांडले आणि हार घेऊन मॅडमना आणायला स्टेशनवर गेलो.

आता आपल्याकडची रीत आपण जाणताच. उन्हात वाळवण दिसलं की ते कुणाचं का असेना, बाईमाणूस ते पालथं केल्याशिवाय पुढे जात नाही. वहिनी वर गेल्या, कडा वळायला लागलेल्या त्यांना दिसल्या आणि त्यांनी बसकण मारली. त्यांना बघून शेजारच्या गच्च्यांवरून दहा जणी आल्या. मी मॅडमना घेऊन वर पोचलो तेव्हा कॉलनी अख्खी तोंडावर पडलेली! हसीबने स्वतःच्या वडिलांचा, नूर महंमद चाचांचा चेहरा रंगवला होता. तो कानाशी कुजबुजला, ‘मेरे अब्बा को भी पालथा कर दिया, यार.’

मी माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात वहिनी मॅडमनाच म्हणाल्या, ‘एक बाजू वाळनी, दुसरी कोण वाळवी? बठ ना बाई, हात लाव.’ आणि मॅडम बसल्या! दीड तास उठल्या नाहीत. घामाने चिंब झाल्या, बायकांची गाणी ऐकली, भाजलेला बिबडा कच्च्या तेलाबरोबर खाल्ला आणि म्हणाल्या, इतकं जिवंत सादरीकरण मी कुठे पाहिलं नाही, तयारी किती दिवसांची? हसीब न हसता म्हणाला, ‘चार पिढ्यांची.’ नाना, त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो मुलगा दहावीला पास झाला तेव्हाही वाटला नव्हता.

तेव्हा देवपुरात सगळ्यांना सांगावे. गुडघ्याला जपावे.

आपला कलावंत भाऊ,
ललित

ता. क. आमंत्रणात समूहाचं नाव आहे. फक्त कलाकार म्हणून ‘कोकिळाबाई आणि सहकारी’ असं छापलंय. सहकारी म्हणजे त्या दहा जणी. आम्हा तिघांची नावं ‘वाहतूक व्यवस्था’ या सदरात आहेत. चित्रं नकोत, बिबडे कोरेच आणा, असंही कळवलंय.

ता. क. दुसरा. वहिनी नसतील तर पुणे रद्द. म्हणून खरं तर आपली परवानगी मागायला हे पत्र लिहायला बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, ‘तुमना भाऊले इचारू नका, सांगा.’ तर सांगतो: शनिवारी त्या धुळ्याला परत येत नाहीत.

ता. क. शेवटचा. केंद्राच्या अर्जात ‘कलेचा अनुभव’ असा रकाना होता. काय लिहू म्हणून विचारलं, तर वहिनींनी बोटांवर मोजून सांगितलं, चाळीस वर्षं. मी माझ्या हाताने लिहिलं, नाना. खोटं लिहितोय असं एकदाही वाटलं नाही.