गवंड्याची कुंडी

प्रिय चिमणे,

तुझ्या आईच्या जास्वंदीला मुळं फुटली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू सगळं पत्र सोडून आधी शेवट वाचशील. तुझी खोड मला ठाऊक आहे.

मूळ झाड गेलंच गं. बुंधाच किडला होता. नव्या घरात तुला आईचंच झाड हवं, म्हणून हिरव्या उरलेल्या फांद्या कापून स्वयंपाकघराच्या खिडकीत लावल्या. पहिल्या खेपेच्या सगळ्या कुजल्या. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस कुंडी कशी भरणार? माती चाळली, पाणी शिंपडलं आणि थापीनं ठोकून अशी बसवली, की वर फरशी घातली असती तरी हलली नसती. गळती नको म्हणून तळाची भोकंसुद्धा बुजवली! आता दोनच फांद्या उरल्या होत्या आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

त्याही तशाच ठोकून बसवत होतो, ती ठोकाठोक ऐकून खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई भांडायला वर आल्या. तू गेल्यावर राहायला आल्यात. निवृत्त, एकट्या आणि बोलायला रोखठोक. त्यांनी कुंडीत बोट घालून पाहिलं, ते शिरेना. मग म्हणाल्या, की तुम्ही ही लावली नाहीत, भिंतीत चिणलीत. भांडण राहिलं बाजूलाच, त्या हसत सुटल्या. मग नारळाचा भुसा, जाड वाळू आणि थोडी माती माझ्याकडूनच कालवून घेतली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टोकल्यावर सुटावा, असं मिश्रण. खत मात्र घालू दिलं नाही. तापातून उठलेल्याला कुणी ताटभर वाढतं का, म्हणाल्या. वरून पिशवीची टोपी घातली आणि मुळं आली का हे उपटून पाहायची मला सक्त मनाई केली.

पाहणीला रोज संध्याकाळी यायच्या. काड्यांना पालवी फुटली, पाहणी संपली, तरी येतात. मीही चहा दोघांचाच टाकतो. तुझी आई गेल्यापासून मी रेडिओशी भांडायचो, आता भांडायला माणूस आहे. आईच्या गोष्टी त्या खोदून खोदून विचारतात. तिच्याबद्दल इतकं मोकळेपणी मी कुणाशीच बोललो नव्हतो. बरं वाटतं.

तर मुद्द्याचं. आम्ही लग्न करतोय. म्हणजे मी ठरवलंय. लेकीनं हो म्हटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं बाईंनी बजावलंय. मला त्या आवडतात, पोरी. या वयात हे लिहिताना कान तापलेत. रविवारी कुंडी न्यायला तू स्वतः ये, जावईबापूंना पाठवू नकोस. दार बाईच उघडतील. मी आतल्या खोलीत बसून राहीन. बांधकामाच्या उंच परांचीवर उभं राहताना कधी पाय लटपटले नाहीत, पण त्या क्षणी तुझा चेहरा पाहायची माझी छाती नाही. तुम्हा दोघींचं बोलणं झालं, की मला हाक मार.

वाट पाहणारा, तुझाच,
बाबा