निळ्या मारुतीची हळद

गोखिवरे, ६ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. आमची निळी मारुती आठवते ना? तिच्यातून तुझ्या भावजयीला अर्नाळ्याला न्यायचो. ती कविता म्हणू लागली की मी गिअर विसरायचो! आता रंगाचे पापुद्रे सुटलेत. चिरंजीव विघ्नेश म्हणतो, की हे दारात शोभत नाही, महिनाअखेर भंगारवाला नेईल. मी ताटावरून उठलोच. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, की रंग मी मारते, मग बघून ठरवा.

सुरुची सातिवलीला लोखंडी कपाटं रंगवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. काल तिनं अख्खी गाडी वॉटर पेपरनं घासली, खड्डे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले, पुन्हा घासली. डोळे मिटून तळहात फिरवते नि मला न दिसणारा उंचवटा शोधून काढते. मी शेजारी बसून पाचवीच्या पुस्तकातली कविता म्हणत होतो, तर म्हणाली, की बाबा, प्रायमर मारताना जरा लांबून म्हणा, थुंकी उडते!

लोभ आहेच, आणखी थोडा पाठवलास तर ठेवायला जागा आहे.

तुझा धाकटा,
शांताराम

कुडाळ, १३ जानेवारी २०२५

चि. शांतारामास अनेक आशीर्वाद.

सून घाम गाळतेय आणि सासरे काव्यगायन करतायत, वा रे वा! पोर गुणाची आहे, तिला नीट जेवू घाल.

एक सांगते. आपल्याकडे कार्याआधी जात्या-मुसळालाही हळद लागते, आणि गाडीचं हे दुसरं लग्नच की. रंगाआधी तिच्या कपाळाला हळद-तेलाचं बोट लाव. सुरुचीला विचारत बसू नकोस, आजकालच्या मुली हसतात. गाडी राहिली की लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

माया कमी करू नकोस रे.

अक्का

गोखिवरे, २९ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं ऐकलं आणि फसलो. एकोणीस तारखेला सुरुची अंघोळीला गेली तेव्हा बॉनेटला बोट लावलं. पिवळा डाग तिला दिसेल म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसलाही, म्हणजे तेल आणखी पसरलं. तेलावर रंग धरेना, बॉनेटवर देवीच्या वणांसारखे खळगे पडले. विघ्नेश म्हणाला, की झालं, आता भंगारवाल्याला फोन लावतो. मी खरं सांगून टाकलं. सुरुची पायरीवर बसून पोट धरून हसली. मग नवऱ्याला म्हणाली, की महिना अजून संपला नाही, फोन ठेव.

आठवडाभर कामावरून येऊन ती बॉनेट खरवडत होती. थिनरनं पुसून रविवारी पुन्हा उभी राहिली: जमिनीवर पाणी शिंपडलेलं, धूळ अडवायला भोवती ओल्या साड्या, तोंडाला मास्क. अक्का, रंग फवारायची गन धरलेला तो हात! या टोकापासून त्या टोकापर्यंत एका लयीत, कुठे अडखळला नाही. जन्मभर मी वृत्तं शिकवली, पण यतीचा थांबा कुठे घ्यायचा नाही ते त्या दिवशी पाहिलं.

काल विघ्नेश गाडीभोवती दोनदा फिरला. भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. दार उघडलं, आणि आत बसण्याआधी पायातल्या चपला काढून बाहेर ठेवल्या.

असाच रागवायचा हक्क चालू ठेव.

शांताराम