कवटी क्रमांक ४१ : पुरुष

सोमवार, ३

लागली बाई एकदाची नोकरी! आई सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय, धाकटी प्रयोगशाळेत लागली म्हणून. काम काय ते मात्र सांगत नाही. बरंच आहे. बेवारस सापडलेल्या कवट्यांचे एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावायचे. कवटीची लांबी, कपाळाचा उंचवटा, कानामागच्या हाडाची उंची मोजायची आणि आकडे सूत्रात घालायचे. उत्तर येतं, स्त्री किंवा पुरुष. बेपत्ता माणसांच्या याद्या दोन, बायकांची आणि पुरुषांची; उत्तर येईल तेवढीच काढून ताडून बघायचं. दुसरी उघडायचीसुद्धा नाही, वेळ जातो.

इथे नव्या माणसाने आधी स्वतःच्या डोक्याचा एक्स-रे मोजायचा असतो. माझं उत्तर आलं, पुरुष! एक्स-रेवाले काका पोट धरधरून हसले. मी म्हटलं, आमच्या घराण्याचं हाडच दणकट. माझी ताई तर माझ्या दीडपट, बाबा तिला पैलवान म्हणायचे. ताई काय करते, काकांनी विचारलं. सहा वर्षांपूर्वी कामावर गेली ती परत आलीच नाही, म्हटलं. काकांनी माझी फिल्म पाकिटात घालून ठेवली. उगाच बोलले मी.

गुरुवार, ६

पहिली खरी केस, एकेचाळीस नंबर. सूत्र म्हणालं पुरुष. डाव्या भुवईवर जुनी, भरून आलेली चीर, तीही नोंदवली. पुरुषांच्या यादीत कुणाशी जुळलं नाही. सही ठोकली. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं.

घरी आईने विचारलंच, आज कुणी बाई आली होती का गं? नाही, पुरुष होता, म्हटलं. तिचा जीव भांड्यात पडला. आता हे रोजचंच होणार.

बुधवार, १२

एकेचाळीसची फिल्म मी पाकिटात घालून कपाटात ठेवते आणि सकाळी ती पेटीवर लावलेली असते. सोमवारपासून हेच. काका शपथेवर सांगतात, हात लावला नाही. आज चिडून तिच्यासमोर बसलेच. बघू म्हटलं काय दाखवायचंय.

ती चीर.

ताई झोपाळ्यावरून पडली होती. पडली कसली, मी ढकललं होतं. पाच वर्षांची होते मी. तिने घरी सांगितलं, माझाच हात सुटला.

बायकांची यादी काढली. तिसऱ्या पानावर ताई. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर चीर. आईनेच लिहून दिलेली. मी ते पान उघडलंच नव्हतं.

गुरुवार, १३

साहेबांना सांगितलं. डोकं धरून बसले. सोमवारीच पुरलं, म्हणाले. बेवारस पुरुष म्हणून, एका खड्ड्यात अकराजण. नंबराच्या चिठ्ठ्या आधीच काढून घेतात.

संध्याकाळी आईने विचारलं. आज कुणीच नाही, म्हटलं. सांगण्याची हिंमतच झाली नाही माझी.

मंगळवार, १८

आज पेटीवर एकेचाळीस नव्हती. माझी फिल्म होती, पहिल्या दिवसाची. डाव्या भुवईवर केसाएवढी रेघ. काका म्हणाले, ओरखडा असेल. पुसली. नखाने खरवडली. ओरखडा नाही.

गुरुवार, २०

नवा एक्स-रे काढून घेतला. चीर आहे. जुनी, भरून आलेली. मी तर कधी पडले नाही. मोजून बघितलं. आकडे माझे नाहीत. एकेचाळीसचे. मिलिमीटरला मिलिमीटर—

शुक्रवार, २१

आता आरशातही दिसते. बोट लावलं की खोलगट लागतं. ठणकतं.

ताई, दुखलं होतं ना गं? तेव्हा विचारलंच नाही. आणि आता परत मीच तुला—

शनिवार, २२

आज आईला सांगायचंच.

तिने दार उघडलं. बघतच राहिली. भुवईवरून बोट फिरवलं. गळ्यात पडली, आलीस, म्हणाली, ठाऊक होतं मला. सहा वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं—

ताईच्या नावाने हाका मारतेय. आई, ती नाही गं, मी आहे, मी— ऐकतच नाही.

स्वयंपाकघरातून विचारतेय, जेवायला थांबायचं ना? धाकटी कशी नाही आली अजून कामावरून?

दाराशी जाऊन उभी राहिलीय. वाट बघत. कसं सांगू हिला, की मी—